अंगावर काढलेला ताप : साथीचा रोग आणि हातावर पोट असणारी माणसे

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांची नावे लिहून झाली की शेवटी बहुधा एक शब्द असतो : ‘विश्रांती’. गोळ्या-इंजेक्शनांच्या मानाने हा शब्द फुकटचा वाटतो. प्रत्यक्षात पुष्कळ रुग्णांच्या दृष्टीने त्या चिठ्ठीतले सर्वांत महाग औषध तेच असते. पाच दिवसांच्या साध्या गोळ्या शे-दीडशे रुपयांत येतात. पाच दिवसांची विश्रांती घ्यायची म्हटले तर पाच हजेऱ्या बुडतात. म्हणून रुग्ण गोळ्या घेतो आणि विश्रांती सोडून देतो. आपल्याकडे यालाच ‘दुखणे अंगावर काढणे’ म्हणतात.

एरवी अंगावर काढलेले दुखणे त्या माणसाला आणि फार तर त्याच्या घराला भोवते. साथीच्या दिवसांत मात्र ते सगळ्या गावाला भोवते. म्हणूनच हा विषय आज या सदरासाठी निवडला आहे. वाचक म्हणतील, कोरोना तर केव्हाच ओसरला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ती जागतिक साथ असल्याचे जाहीर केले आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचेही सांगितले. मग आता हे कशाला? उत्तर सोपे आहे. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, परंतु ती आली म्हणजे कोणाला आधी गाठेल हे मात्र मागच्या साथींवरून चांगले कळते.

हातावर पोट म्हणजे कोण?

आपल्या तालुक्याच्या गावात सकाळी आठ वाजता एक फेरी मारावी. बाजार समितीतले हमाल, मजूर अड्ड्यावर उभे असलेले बिगारी आणि गवंडी, रिक्षावाले, वडापावची गाडी लावणारे, चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया, कापड दुकानातील नोकर, घरोघर पार्सल पोहोचवणारी मुले, नगरपालिकेचे ठेक्यावरचे सफाई कामगार, औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत लागलेले तरुण, ही सगळी माणसे या एका वर्गात मोडतात. काम केले तर पैसा, नाही तर नाही. आजारपणाची भरपगारी रजा नाही. उद्या बोलावतील याची खात्री नाही. लेखी करार तर बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो.

हा वर्ग लहान आहे असे कोणी समजू नये. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीत असे आढळले, की शेतीबाहेरच्या कामात ‘नियमित पगारी’ म्हणून गणल्या गेलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे ७१ जणांकडे नोकरीचा लेखी करार नव्हता आणि सुमारे ५४ जणांना भरपगारी रजा मिळत नव्हती. ही नियमित पगारवाल्यांची अवस्था. रोजंदारीवर जाणारे आणि स्वतःची टपरी चालवणारे या हिशेबात धरलेलेच नाहीत.

साथ सर्वांना सारखी नसते

‘जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही’ असे वाक्य कोरोनाच्या काळात वारंवार ऐकू येई. जंतू पाहत नाही हे खरे. पण तो माणसापर्यंत पोहोचतो तो माणसाच्या राहण्या-वागण्याच्या वाटेने, आणि या वाटा सर्वांच्या सारख्या नसतात.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासण्यात आले. कोरोना होऊन गेल्याची खूण रक्तात सापडते का, हे त्यात पाहिले होते. झोपडपट्टीतल्या शंभरापैकी सुमारे ५७ जणांत ती सापडली. त्याच विभागांतल्या इतर वस्तीत शंभरापैकी सुमारे १६ जणांत सापडली. एकच शहर, एकच हवामान, एकच विषाणू आणि फरक मात्र साडेतीन पट!

याची कारणे पाहू. पहिले, घर. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपत असतील तर ‘रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला कागदावरच राहतो. दुसरे, नळ आणि संडास सार्वजनिक, त्यामुळे दिवसातून चार वेळा रांगेत उभे राहणे आले. तिसरे, कामाचे स्वरूप. बँकेतला हिशेब घरून करता येतो, पोते घरून उचलता येत नाही. चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ते म्हणजे आजारी पडल्यावर घरी थांबण्याची ऐपत नसणे.

हे कोरोनापुरतेच होते असे नाही. १९१८ साली जून महिन्यात मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ शिरली आणि पावसाळा संपता संपता तिने उग्र रूप धरले. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्या वेळच्या मुंबईच्या नोंदींनुसार तिथल्या युरोपियनांमध्ये हजारी सुमारे आठ मृत्यू झाले, तर ज्यांना तेव्हा ‘खालच्या जातीचे’ म्हणत त्या कष्टकरी लोकांत हजारी एकसष्टच्या वर. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, लस नव्हती. श्रीमंताकडेही रामबाण औषध नव्हतेच. त्याच्याकडे हवेशीर घर, पोटभर अन्न, शुश्रूषा करणारे माणूस आणि अंथरुणावर पडून राहण्याची सोय होती. एवढ्याने केवढा फरक पडला ते या आकड्यांवरून दिसते.

तीन बाजूंनी मार

साथीच्या काळात हातावर पोट असणाऱ्याला तीन बाजूंनी मार बसतो.

पहिला मार रोगाचा. त्याविषयी वर सांगितले.

दुसरा मार काम बंद पडण्याचा. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून ती सुरू झाली. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यांना ती गैरसोय वाटली. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यांच्या घरात आठवड्याच्या आत डबे रिकामे झाले. ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात गेलेले मराठवाड्यातले लाखाहून अधिक मजूर गाळप संपूनही कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते. त्यांना घरी परतण्याची परवानगी मिळायला एप्रिलचा मध्य उलटावा लागला. मागे गावी म्हातारे आईवडील आणि लहान मुले, आणि हाती मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब!

जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रेल्वेमार्गाने पायी निघाले होते. चालून थकले आणि रुळांवरच झोपी गेले. प्रवासी गाड्या बंद आहेत, तेव्हा रुळावरून काही येणार नाही, असे त्यांना वाटले असावे. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर ते करमाडदरम्यान मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. या सोळा जणांची नोंद कोरोनाच्या मृत्यूंमध्ये नाही. परंतु साथ आली नसती तर ते रुळावर झोपले नसते, हेही तितकेच खरे.

तिसरा मार इतर आजारांचा. साथीच्या धामधुमीत जुने आजार कोठे जात नाहीत, ते फक्त दिसेनासे होतात. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. क्षयरोग एका वर्षात एवढा कमी झाला, असा याचा अर्थ मुळीच नाही. लाखो रुग्णांचे निदान लांबले, त्यांचे औषध सुरू झाले नाही आणि घरातल्या माणसांना त्यांच्या खोकल्यातून लागण होत राहिली, असा त्याचा अर्थ. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांचेही तेच. मजुरी नाही म्हणून गोळ्या निम्म्या केल्या, नंतर एक दिवसाआड केल्या, शेवटी बंद केल्या. दोन-तीन वर्षांनी अशा माणसाला पक्षाघाताचा झटका येतो तेव्हा त्याचा संबंध साथीशी कोणी जोडत नाही.

याखेरीज कर्ज आहे, किराणा दुकानाची उधारी आहे, गहाण पडलेले मंगळसूत्र आहे, शाळेतून काढून कामाला लावलेली मुलगी आहे. यांचा प्रकृतीशी काय संबंध, असे विचारू नका. डोक्यावर कर्ज असलेला माणूस ताटातले दूध, डाळ, अंडे आधी कमी करतो. त्याची झोप उडते. दारूचे प्रमाण वाढते. दवाखान्यात तो सर्वांत उशिरा येतो.

‘गोळी घेतली की काम होते’

आता थोडे वैद्यकशास्त्र पाहू. तापाची साधी गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, ताप उतरवते आणि अंगदुखी कमी करते. ती जंतू मारत नाही. गोळी घेऊन बरे वाटणारा माणूस तितकाच संसर्गजन्य असतो. उलट अंथरुणात असता तर त्याच्यापासून दोन माणसांना धोका होता, आता टेम्पोत बसून कामावर गेल्यामुळे वीस जणांना होतो. कोरोना आणि फ्लू यांत पहिले काही दिवस रुग्ण सर्वांत जास्त जंतू बाहेर टाकतो. कोरोनात तर लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीपासूनच हे सुरू होते. म्हणजे ज्या दिवसांत घरी थांबायला हवे, नेमके त्याच दिवसांत माणूस ‘अजून फार नाही’ म्हणून कामावर जातो.

दुसरे, तापात शरीर आधीच ओझे ओढत असते. ताप एक डिग्री फॅरनहाइटने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. १०२ ताप असलेल्या माणसाचे हृदय तो स्वस्थ पडून असतानाही धावत असते. त्यात त्याने पन्नास किलोची पोती उचलली तर काय होईल, याची कल्पना करा. काही विषाणू हृदयाच्या स्नायूंनाही सूज आणतात. अशा वेळी केलेली मेहनत जिवावर बेतू शकते. म्हणून ताप उतरल्यानंतरही छातीत धडधड, दम किंवा चक्कर असेल तर जड काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

तिसरे, दुकानातून आणलेल्या ‘अंगदुखीच्या’ गोळ्या. उन्हात काम, पाणी कमी, पोट रिकामे आणि वर वेदनाशामक गोळी, असे चार दिवस गेले तर जठराला जखम होते आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. तापात पॅरासिटामॉलखेरीज दुसरी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. रोज दारू घेणाऱ्याने तीही विचारूनच घ्यावी.

सलाईनचा गैरसमज

‘डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा, उद्या कामावर जायचंय.’ ही मागणी आमच्या दवाखान्यात रोजची आहे. मागणाऱ्याला हौस नसते, त्याला हजेरी वाचवायची असते. म्हणून त्याला रागावण्याऐवजी हिशेब समजावून सांगावा लागतो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते. शक्ती शून्य. ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली असेल तर तिच्यात २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर शंभर उष्मांक. ज्वारीच्या एका भाकरीतून याहून अधिक मिळतात. ज्याला उलट्या-जुलाब होत नाहीत आणि जो तोंडाने खाऊ-पिऊ शकतो, त्याला सलाईनची गरज नसते. तेच पैसे घेऊन जाऊन त्याने घरी डाळ, अंडी, फळे आणली आणि दोन दिवस पडून राहिला तर ते अधिक गुणकारी.

लपवलेला रोग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. सरकारने रोग्यांना उचलून इस्पितळात नेण्याचा, घरे तपासण्याचा, सामान जाळण्याचा धडाका लावला. कष्टकऱ्याच्या दृष्टीने घरात रोगी सापडणे म्हणजे घर, सामान आणि रोजगार हे तिन्ही एकदम जाणे. लोकांनी रोगी लपवले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. काही महिन्यांत शहरातली जवळजवळ निम्मी माणसे गावाकडे निघून गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही बाहेर पडला.

त्याच वेळी दुसऱ्या तऱ्हेने वागणारेही होते. पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. रोग्यांची सेवा करतानाच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. ज्यांना कोणी जवळ करीत नव्हते त्यांना तेथे माणुसकीने वागवले जाई.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी हाच कायदा लागू करण्यात आला. या कायद्याने माणसाला अडवता येते, तपासता येते, वेगळे ठेवता येते. मात्र वेगळ्या ठेवलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचे काय, याविषयी त्यात एक ओळही नाही. म्हणून सव्वाशे वर्षांनीही तेच घडले. तपासणीत रोग निघाला तर चौदा दिवस कोंडतील, घरचे खातील काय, या भीतीने अनेकांनी ताप सांगितला नाही, चाचणी टाळली, ‘साधी सर्दी आहे’ म्हणत राहिले. यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण खरे बोलण्याची किंमत चौदा दिवसांची मजुरी असेल, तर खोटे बोलणाऱ्यांची संख्या वाढणारच. रोग्याने रोग सांगावा असे वाटत असेल, तर सांगितल्याने त्याची चूल विझणार नाही याची सोय आधी हवी.

मदत कोणापर्यंत पोहोचली?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात, मधले काही महिने वगळता, रेशनकार्डावर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले. त्याने अनेक घरांतला उपास टळला, हे आम्ही रुग्णांच्या वजनावरून पाहिले आहे. शिवभोजन थाळी टाळेबंदीत दहाऐवजी पाच रुपयांना मिळाली आणि २०२१ च्या निर्बंधांत काही काळ मोफत झाली. रोजगार हमीच्या कामांवर २०२०-२१ मध्ये देशभरात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. आदल्या वर्षी हा आकडा सुमारे २६५ कोटी होता.

पण या मदतीची एक खोच लक्षात घ्या. रेशन मिळाले ते कार्ड असलेल्याला. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना दीड हजार रुपये जाहीर केले ते नोंदणी असलेल्यांना. २९ मार्च २०२० रोजी केंद्राने मालकांना टाळेबंदीतला पगार कापू नका असा आदेश दिला होता. तो दोन महिनेही टिकला नाही, आणि टिकला असता तरी ज्याचे नाव मालकाच्या वहीतच नाही त्याला त्याचा काय उपयोग? सांगायचा मुद्दा एवढाच, की ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही तो मदतीच्या वेळी अदृश्य असतो.

आरोग्य यंत्रणेतही असेच होते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासणाऱ्या आशा ताई स्वतः मानधनावर काम करणाऱ्या. पगारी नोकराचे हक्क त्यांना नाहीत. जून २०२१ मध्ये त्यांना राज्यभर संपावर जावे लागले. ज्यांच्या भरवशावर आपण साथ हाताळतो त्यांचीच नोकरी अशी अधांतरी असावी, हे विचार करण्यासारखे आहे.

मालकांसाठी साधा हिशेब

हे सदर वाचणाऱ्यांत दुकानदार, ठेकेदार, कारखानदारही आहेत. त्यांच्यासाठी धर्मादायाची भाषा नको, हिशेबाचीच बोलू.

समजा, तुमच्याकडे दहा माणसे आहेत आणि हजेरी पाचशे रुपये. एकाला ताप आला. त्याला पाच दिवस भरपगारी घरी बसवले तर खर्च २,५०० रुपये. ‘खाडा धरीन’ म्हणून त्याला कामावर बोलावले आणि त्याच्यापासून आणखी चौघांना लागण झाली, तर पाच माणसे पाच दिवस, म्हणजे पंचवीस दिवसांचे काम बुडते. मजुरीच्या भावाने ते १२,५०० रुपयांचे काम झाले. शिवाय मुदत चुकते ती वेगळी, आणि आजार तुमच्या घरी येतो तो वेगळाच. आजारी माणसाला दिलेली भरपगारी रजा हे साथ रोखण्याचे औषध आहे. लसीसारखेच तेही घेणाऱ्याबरोबर शेजाऱ्यालाही वाचवते.

घरकामाला बाई ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबालाही हे लागू आहे. मावशींना ताप असेल तर ‘पगार कापणार नाही, बरे वाटले की या’ एवढे एक वाक्य पुरते.

काय करावे?

कष्टकरी बंधू-भगिनींसाठी :

१. नोंदणी आजच करा. असंघटित कामगारांसाठी केंद्राचे ई-श्रम कार्ड ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाले. ते जवळच्या सेवा केंद्रात काढता येते. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केले असेल तर कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करा आणि तिचे नूतनीकरण चुकवू नका.

२. कारखान्यात ठेकेदारामार्फत असलात तरी पगारातून कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जाते का, ते पावतीवर पाहा. या योजनेत, अटी पूर्ण होत असतील तर, डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळते. पगाराची मर्यादा आणि अटी वेळोवेळी बदलतात, त्या शाखा कार्यालयात विचारून घ्या.

३. कामासाठी परगावी जात असाल तर रेशनकार्ड आधारशी जोडलेले असू द्या. आता दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य घेता येते.

४. गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तेव्हाच कामावर जा. त्यानंतरही पाच दिवस मास्क लावा. पहिल्या दिवशी हलके काम मागा.

५. बसल्या जागी दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे, लघवी फार कमी होणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. यांत हजेरीचा विचार करू नका, ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा.

६. क्षय, मधुमेह, रक्तदाब यांची औषधे कोणत्याही साथीत बंद करू नका. क्षयाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

गावासाठी :

१. मजूर अड्डा, बाजार समिती आणि वीटभट्ट्या येथे ताप तपासणी आणि लसीकरण सकाळी कामावर निघण्यापूर्वी किंवा संध्याकाळी ठेवावे. दुपारी अकराला ठेवलेले शिबिर मजुरासाठी नसतेच.

२. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने हातावर पोट असणाऱ्या कुटुंबांची यादी साथ नसतानाच करून ठेवावी. परगावाहून आलेल्यांची नावे तीत आवर्जून घ्यावीत.

३. विलगीकरणात ठेवायचे तर त्याच दिवशी त्या घरी शिधा पोहोचला पाहिजे. मंडळे, तालमी आणि महिला बचत गट यांनी २०२० मध्ये हे काम करून दाखवले आहे. ते ऐनवेळच्या उत्साहावर न सोडता आधी ठरवून ठेवावे.

हातावर पोट असणाऱ्यांना मदत म्हणजे उपकार, असा एक समज आहे. साथीचा रोग हा समज खोटा ठरवतो. आपल्या घरी दूध, भाजी, पार्सल आणि गॅसची टाकी आणून देणारा माणूस तापाने फणफणत असूनही आला, तर आपली दारे-खिडक्या बंद असून उपयोग काय? त्याला दोन दिवस निर्धास्त झोपता आले पाहिजे. ते त्याच्या हिताचे आहे आणि आपल्याही. चिठ्ठीवर ‘विश्रांती’ आम्ही डॉक्टर लिहू, पण ती मिळवून देणे दुकानदार, ठेकेदार, घरमालकीण आणि पंचायत यांच्या हातात आहे.